परवान्याविना पेशा : जीवनमार्गदर्शकांच्या व्यवसायांतराची काही उदाहरणे

वकिली सोडून शेतीकडे वळलेला किंवा शिक्षकी सोडून दुकान थाटलेला मनुष्य प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी असतो. अशा व्यवसायांतरात जुन्या पेशाचे ज्ञान बहुधा मागे राहते. नव्याचे ज्ञान पहिल्यापासून मिळवावे लागते आणि ते मिळाले किंवा नाही याचा निकाल शेतातील पीक अथवा दुकानातील गल्ला देत असतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक असा पेशा उदयास आला की, त्यात पाऊल टाकणारे बहुतेक लोक वयाची पहिली उमेद दुसऱ्याच एखाद्या उद्योगात खर्च करून आलेले असतात. त्यांच्या सल्ल्याचा निकाल देणारे पीक मात्र सहजासहजी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. 'लाइफ कोच' आणि 'रिलेशनशिप कोच' या इंग्रजी नावांनी तो ओळखला जातो. मराठीत त्यास जीवनमार्गदर्शक व नातेसंबंध-मार्गदर्शक असे म्हणावयास हरकत नाही.

'कोच' या शब्दाची कुळकथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी पंधराव्या शतकात तयार होऊ लागलेल्या घोडागाडीवरून तो युरोपच्या भाषांत पसरला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी आपणांस वाहून नेणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेने हे नाव दिले आणि तेथून ते खेळाच्या मैदानावर गेले. मराठी वाचकाला हे तिन्ही अर्थ परिचित आहेत : आगगाडीचा कोच, कोचिंग क्लास आणि क्रिकेटचा कोच. संसाराचा कोच हा चौथा अर्थ त्यात अलीकडे मिसळला.

वैद्यकीस पदवी लागते, वकिलीस सनद लागते. दुसऱ्याच्या संसारात सल्ला देण्यास मात्र या नावाखाली काहीच लागत नाही. मग सल्ला घेणारा कशावर विसंबतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आजच्या कोचच्या आधी, सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपापले पेशे सोडून याच कामाकडे वळलेल्या तीन व्यक्तींकडे पाहणे उपयुक्त ठरते. त्यांपैकी दोघे वनस्पतींच्या अभ्यासातून आले आणि तिसरे गणिताच्या वर्गातून, हा योगायोग गमतीचा खरा. पण त्यातून बरेच उलगडते.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील मेरी स्टोप्स यांचे. त्या पुरावनस्पतिशास्त्राच्या, म्हणजे अश्मीभूत वनस्पतींच्या अभ्यासक होत. म्युनिक विद्यापीठातून त्यांनी १९०४ मध्ये डॉक्टरेट मिळविली, त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठात अध्यापन केले आणि दगडी कोळशाच्या घटकांविषयी त्यांनी केलेले संशोधन त्या शास्त्रात पुढेही मान्य राहिले. रेजिनाल्ड रगल्स गेट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाशी झालेला त्यांचा पहिला विवाह १९१६ मध्ये न्यायालयाने शून्य ठरविला. विवाहसंबंध प्रत्यक्षात घडलाच नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले होते. वैवाहिक जीवनाविषयीच्या आपल्या अज्ञानाची फार मोठी किंमत आपण मोजली असून त्यातून मिळालेले ज्ञान इतरांच्या हाती द्यावे, या भूमिकेने त्यांनी १९१८ मध्ये 'मॅरिड लव्ह' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचा खप प्रचंड झाला आणि सर्व थरांतील स्त्रीपुरुषांची पत्रे हजारोंनी त्यांच्याकडे येऊ लागली. १७ मार्च १९२१ रोजी त्यांनी उत्तर लंडनच्या होलोवे भागात संततिनियमनाचे केंद्र उघडले.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधले पाहिजे. पहिली म्हणजे त्यांच्या नावामागील 'डॉक्टर' ही उपाधी. ती अश्मीभूत वनस्पतींच्या अभ्यासातून मिळालेली होती. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र ती वैद्यकीय समजली. हॅलिडे सदरलँड या डॉक्टरने आपल्या पुस्तकात त्यांच्या कार्यावर टीका करताना नेमके याच मर्मावर बोट ठेवले. त्यावरून उद्भवलेला अब्रुनुकसानीचा खटला १९२३ पासून दोन वर्षे गाजला व अखेर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये स्टोप्स यांच्या विरुद्ध गेला. दुसरी गोष्ट स्वतःच्या दुःखाची. आपला मोडलेला विवाह त्यांनी लपविला नाही, उलट त्यालाच आपल्या अधिकाराचा आधार बनविले. जुन्या पेशाची प्रतिष्ठा आणि स्वतः भोगलेले दुःख ही जी दोन अधिकारपत्रे त्यांनी वापरली, ती या पेशात आजतागायत चलनात आहेत. आजच्या एखाद्या मार्गदर्शकाचे परिचयपत्रक वाचावे. मोठ्या कंपनीतील पंधरा वर्षांचा अनुभव आणि घटस्फोटातून सावरल्याची हकीकत बहुधा एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आढळतात. यांतील कोणतेही अधिकारपत्र खोटे असते असे नव्हे. पण पहिले दुसऱ्याच विषयाचे असते आणि दुसरे एकाच संसाराचे असते.

जुना पेशा केवळ प्रतिष्ठाच देतो असे मानले, तर मात्र अर्धेच चित्र दिसेल. तो विचार करण्याचा साचाही देतो आणि हे दुसऱ्या उदाहरणात अधिक ठळकपणे, किंबहुना भयप्रद रीतीने दिसते. अमेरिकेत विवाहविषयक सल्ल्याचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते पॉल पॉपिनो (१८८८–१९७९) हे खजुराचे जाणकार होते. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी काही काळ वृत्तपत्रात काम केले. पुढे वडिलांच्या कॅलिफोर्नियातील रोपवाटिकेसाठी ते उत्तर आफ्रिका व इराक या भागांत हिंडले आणि खजुराचे हजारो फुटवे त्यांनी अमेरिकेस धाडले. १९१३ मध्ये खजुराच्या लागवडीवर त्यांनी एक ग्रंथही लिहिला. चांगले वाण निवडून वाढवावे आणि निकृष्ट वाण खुडून टाकावे, हा बागाइतदाराचा साधा व्यवहार. त्याच वर्षी ते आनुवंशिकतेस वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादक झाले आणि हा व्यवहार माणसांस लागू करण्याकडे त्यांची बुद्धी वळली. १९१८ मध्ये रॉसवेल जॉन्सन यांच्यासह त्यांनी सुप्रजननशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. १९२९ मध्ये इ. एस. गॉस्नी यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी कॅलिफोर्नियातील सक्तीच्या निर्बीजीकरणाचे समर्थन केले. १९०९ च्या त्या कायद्याखाली तेथे पुढील काही दशकांत सुमारे २०,००० व्यक्तींचे निर्बीजीकरण झाले, आणि त्यांपैकी बहुसंख्य सरकारी मनोरुग्णालयांत व मतिमंदांच्या संस्थांत डांबलेली असाहाय्य माणसे होती.

१९३० मध्ये याच पॉपिनोंनी लॉस एंजेलिस येथे कौटुंबिक संबंधांविषयी सल्ला देणारी संस्था स्थापन केली. 'अयोग्यां'ची संतती रोखणे ही मोहिमेची एक बाजू. 'योग्यां'चे विवाह टिकवून त्यांची संतती वाढविणे ही दुसरी. मोडणारा संसार सांधण्यामागे त्यांचा मूळ हेतू असा होता, आणि तो त्यांनी दडवूनही ठेवला नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझी जर्मनीच्या कृत्यांमुळे सुप्रजननाचे नाव बदनाम झाले, तेव्हा ते नाव मागे पडले आणि विवाहसल्ला तेवढा पुढे राहिला. १९५३ पासून 'लेडीज होम जर्नल' या मासिकात 'हा विवाह वाचविता येईल काय?' अशा अर्थाचे एक सदर पॉपिनोंच्या संस्थेतील प्रकरणांवर आधारून येऊ लागले. आधी पत्नीची कैफियत, मग पतीची आणि शेवटी सल्लागाराचा अभिप्राय, असा त्याचा घाट होता. लक्षावधी गृहिणींनी ते वाचले. 'डॉ. पॉपिनो' या नावातील डॉक्टरकी ऑक्सिडेंटल कॉलेजने १९२९ मध्ये दिलेल्या सन्मान्य पदवीची होती. आणि ज्या गृहस्थाच्या सल्ल्यावरून त्या गृहिणी संसार टिकवीत होत्या, त्याच्या लेखी संसाराचे मोल वाणाच्या हिशेबात बसविलेले होते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

तिसरे उदाहरण मुंबईचे, आणि मराठी वाचकाच्या घरचे. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये, म्हणजे स्टोप्स यांचे लंडनचे केंद्र निघाले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मिशनऱ्यांच्या कॉलेजास हे रुचणे शक्य नव्हते. १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले, ते मृत्यूपर्यंत. पेशा बदलून अधिक मिळकत होण्याचा प्रश्नच येथे नव्हता. मासिकाला वर्गणीदार थोडे, खटले मात्र वाट्यास आले. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून दिलेली उत्तरे हाच आरोपाचा विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला आणि दंड भरावा लागला. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर हा संसार, आणि त्याबरोबर मासिकही, चालणे कठीण होते.

कर्व्यांनी गणितातून काय आणले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या उत्तरांत दिलाशाचे शब्द क्वचित आढळतात. गृहीतक कोणते, त्यावरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, हे ते रोखठोक सांगतात. प्रश्न विचारणाऱ्याची व्यथा या पद्धतीने नेहमीच हलकी झाली असेल असे म्हणवत नाही, आणि हा त्यांच्या साच्याचा दोष मानला पाहिजे. परंतु ही उत्तरे छापली जात होती. चूक असेल तर कोणीही डॉक्टर, कोणीही विरोधक ती दाखवू शकत होता आणि दाखवीतही होता. सल्लागाराचा सल्ला बंद खोलीत न राहता चव्हाट्यावर तपासला जाणे, हा परवान्याला एक पर्याय असू शकतो, असे या उदाहरणावरून म्हणता येते. अर्थात त्यासाठी विचारणाऱ्याचे नाव गुप्त आणि उत्तर देणाऱ्याचे नाव उघड असावे लागते. आज बहुधा याच्या उलट घडते : समाधान पावलेल्यांची छायाचित्रे झळकतात आणि त्यांना काय सांगितले गेले ते मात्र कोणालाच कळत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग चोखाळला गेला. १९३८ मध्ये हर्बर्ट ग्रे आदी मंडळींनी विवाहमार्गदर्शनाचे मंडळ स्थापिले आणि युद्धकाळात डेव्हिड मेस या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने त्यास आकार दिला. येथील मार्गदर्शक पेशेवाईक नव्हते. शिक्षिका, गृहिणी, बँकेतील नोकरदार अशा सामान्य माणसांतून ते पारखून निवडले जात, त्यांना प्रशिक्षण मिळे आणि आठवड्यातील काही तास ते विनामूल्य काम करीत. निवडीत नाकारले जाणाऱ्यांची संख्या लहान नसे. निवड झाल्यावरही आपली प्रकरणे अनुभवी मार्गदर्शकापुढे नियमितपणे मांडावी लागत. पेशा बदलण्याची गरज नसल्यामुळे पोटाची चिंता सल्ल्यात शिरत नव्हती, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. १९८८ पासून ही संस्था 'रिलेट' या नावाने ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेत परवान्याचा मार्ग निवडला गेला. कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये विवाह व कुटुंबविषयक सल्लागारांना परवाना आवश्यक केला आणि पुढील काळात इतर राज्येही त्या वाटेने गेली. पॉपिनोंसारख्या बागाइतदाराला आता त्या नावाने पाटी लावता आली नसती. दार बंद झाले ते असे. आणि काही दशकांत शेजारीच दुसरे दार उघडले.

थॉमस लेनर्ड हे अमेरिकेतील आर्थिक नियोजनकार. कर आणि गुंतवणूक यांविषयी सल्ला विचारावयास येणारी, हाताशी पैसा असलेली माणसे, पुढील आयुष्याचे काय करावे हेही त्यांना विचारू लागली. मनोविकाराची लक्षणे त्यांच्यात नव्हती. त्यांना हवा होता तो एक नियोजनकारच, पैशाऐवजी आयुष्याचा. यातून लेनर्ड यांनी १९९२ मध्ये कोच तयार करणारी शाळा काढली, जिचे वर्ग दूरध्वनीवरून चालत. पेशाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली तीही प्रामुख्याने त्यांच्याच पुढाकाराने. १९९२ मध्येच कॅलिफोर्नियात दुसरी एक शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी लॉरा व्हिटवर्थ या हिशेबनीस होत्या आणि हेन्री किम्सी-हाउस हे नट. ब्रिटनमध्ये हा विचार रुजविणारे सर जॉन व्हिटमोर १९६५ मध्ये मोटारशर्यतींत युरोपचे विजेते ठरले होते. त्यांनी मूळ प्रेरणा घेतली ती टिमथी गॉलवे या टेनिस-शिक्षकाच्या १९७४ मधील पुस्तकातून. खेळाडूस सूचनांचा भडिमार न करता त्याचे लक्ष चेंडूकडे वळवावे. त्याच्या मनातील अडथळा दूर झाला की खेळ आपोआप सुधारतो, असे गॉलवे यांचे प्रतिपादन होते.

या पेशातील पुष्कळसे चांगले याच खेळाच्या साच्यातून आले. उपदेशापेक्षा प्रश्नावर भर. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय अशी संभाषणाची पायरीवार मांडणी. समोरचा मनुष्य रुग्ण नसून कर्ता आहे ही श्रद्धा. नोकरीत बढती मिळालेल्या आणि गोंधळलेल्या माणसाला यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. अडचण सुरू होते ती 'जीवन' या शब्दाच्या पुढे 'नातेसंबंध' हा शब्द येतो तेव्हा. टेनिसच्या खेळाडूला एक ध्येय असते, ते कोचलाही मान्य असते आणि गुणफलक सर्वांसमोर असतो. संसारात ध्येये दोन असतात, कित्येकदा परस्परविरोधी असतात आणि गुणफलक नसतो. कोचकडे येणारा बहुधा दोघांपैकी एकच असतो. 'तुमचे ध्येय काय?' असा प्रश्न त्या एकट्याला विचारला म्हणजे दुसरा आपोआप अडथळ्याच्या जागी जाऊन बसतो. शिवाय घरात मारहाण असेल, व्यसन असेल, किंवा विषण्णतेचा आजार असेल, तर ध्येयाचा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो. तेथे आधी ओळखावे लागते की हे काम आपले नव्हे. हे ओळखण्याचे शिक्षण हिशेबनिशीत मिळत नाही, आणि शर्यतीच्या मैदानावरही मिळत नाही.

नवागताची आर्थिक स्थिती हे ओळखणे आणखी अवघड करते. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत जगभरातील कोचची संख्या सुमारे १,०९,२०० असल्याचा अंदाज दिला आहे. २०१९ च्या अंदाजात ती ७१,००० होती. या संघटनेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रास किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो व त्या शंभरांपैकी ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. पुढील पायरीस ५०० तास, आणि सर्वोच्च पायरीस २,५०० तास. ज्याने पगाराची नोकरी नुकतीच सोडली आहे, त्याला प्रमाणपत्रासाठी पैसे देणारी माणसे हवी आहेत आणि माणसे मिळण्यासाठी प्रमाणपत्र हवे आहे. अशा अवस्थेत समोर बसलेल्या व्यक्तीस 'आपण मनोविकारतज्ज्ञाकडे जावे' असे सांगणे म्हणजे शंभरांतील काही तास आपल्या हाताने सोडून देणे होय. पुष्कळ जण ते प्रामाणिकपणे सांगतातही. पण पेशाची घडणच त्यांच्या प्रामाणिकपणाच्या विरुद्ध दिशेने ओढत असते, हे नाकारता येणार नाही. या मोजणीत तास मोजले जातात. सल्ला घेतलेल्या घरांचे पुढे काय झाले, याची नोंद तीत नसते.

परवान्याने सर्व काही साधते असेही मानू नये. अमेरिकेच्या युटा राज्यातील एका परवानाधारक सल्लागार स्त्रीने, उपचाराच्या कामाबरोबरच, नातेसंबंध व पालकत्व यांविषयी मार्गदर्शनाचा स्वतंत्र व्यवसाय उभारला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला, तिच्या सल्ल्याने चालणाऱ्या एका मातेसह, त्या मातेच्या मुलांच्या अमानुष छळाबद्दल अटक झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दोघींना कारावासाची शिक्षा ठोठावण्यात आली. तिच्या परवान्यावर २०१२ मध्येच काही काळ निर्बंध आले होते. परवान्यामुळे अनर्थ टळला नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्या परवान्यामुळेच निदान ती पूर्वीची नोंद सरकारदप्तरी राहिली होती, हीही वस्तुस्थिती आहे. मार्गदर्शनाच्या धंद्याचे मात्र असे कोणतेच दप्तर नव्हते. कोलोराडो राज्यात कोचचे काम मानसोपचाराच्या कायदेशीर व्याख्येत येते की काय असा वाद उपस्थित झाला होता. २००४ मध्ये तेथील विधिमंडळाने हा पेशा त्या कायद्यातून वगळला.

भारतात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या आरोग्यसंलग्न व्यवसायांविषयीच्या कायद्याने समुपदेशनादी वर्तनविषयक व्यवसायांनाही नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली. १९८४ च्या कायद्याखालील कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या कार्यालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला, तेथेही प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात. छळ झालेली स्त्री तेथे आली असता ध्येयाची विचारणा नंतर होते. आज रात्री ती कोठे राहणार, हे आधी विचारले जाते. 'लाइफ कोच' या नावाने काम करावयास मात्र देशात कोणताही परवाना लागत नाही. मुंबई-पुण्यात या नावाने काम करणाऱ्यांत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतून, मनुष्यबळ-विभागांतून आणि शिक्षकी पेशातून आलेली मंडळी आढळतात. त्यांच्यापैकी एखाद्याविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास ग्राहक न्यायालय आहे, फौजदारी कायदा आहे, आणि तो आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रमाणपत्रधारक असेल तर ती संघटना आहे. चौकशीअंती ती संघटना प्रमाणपत्र काढून घेऊ शकते. त्यानंतरही, प्रमाणपत्राचा उल्लेख न करता, त्याच नावाने काम चालू ठेवण्यास त्याला कसलीही मनाई नसते.